फक्त पाव फेरा!

"मराठी विभागात मेकॅनिकलचं कोणीच नाही, तू काहीतरी दे ना," असं म्हणत संपादक मंडळातली मैत्रीण तीन आठवडे माझ्या मागे लागली होती. मी कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे घरात बोलते तेवढंच. कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला आधी साठ दिसतात, मग सत्तर, आणि मग मी शेजारणीकडे बघते. पण सुट्टीत घडलेली ही गोष्ट इंग्रजीत लिहायला बसले, तर एक पान पुढे जाईना. कारण ती घडलीच मुळी मराठीत, आणि थोडीशी चाचांच्या जालना-स्पेशल हिंदीत. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

आम्ही जालन्याचे. 'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे पाळण्यातच पाठ होते. सोनं काही मी पाहिलं नाही, लोखंड मात्र भरपूर पाहिलं. एमआयडीसीत सळ्या तयार करणाऱ्या रोलिंग मिल्स, गावात बियाण्यांच्या कंपन्या आणि सगळ्यांवर सारखीच बसणारी धूळ! सकाळी पुसलेली काच संध्याकाळी बोटाने नाव लिहिण्याइतकी तयार असते. आमची दुसरी ओळख म्हणजे पाणी, म्हणजे पाण्याचं नसणं. जे बोअरचं मिळतं ते काळ्या बेसाल्टमधून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. गिझरची कॉइल बाहेर काढून बघा, खडूत बुडवल्यासारखी दिसते.

माझ्या मामाचा जारचा प्लांट आहे. पुढे शटर, मागे एक खोली, त्यात ताशी ५०० लिटरचा आरओ. लग्नसराईत मामाची भेट फक्त फोनवर. प्लांट खरा चालवतात ते चाचा. शिक्षण सातवी, पण पंपाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगतात. मामा त्यांना 'प्लांटचे डॉक्टर' म्हणतो.

गेल्या मे महिन्यात मामाने एक नवीन काम घेतलं. संभाजीनगर रोडवर एक तीन मजली शोरूम आहे, पुढचा सगळा भाग काचेचा. मालकाने ती काच बोअरच्या पाण्याने धुऊन घेतली होती. ओली होती तोवर छान दिसली. वाळल्यावर सगळीकडे पांढरे ठिपके! कपड्याने पुसायचं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत शिडी लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मामाने विचारलं, "काय गं इंजिनिअर, आपल्या फिल्टरच्या पाण्याने जमेल का?"

सेकंड इयर संपलेल्या मुलीला कोणी पहिल्यांदा 'इंजिनिअर' म्हणालं की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मी रात्रभर व्हिडिओ पाहिले. ब्रिटनमध्ये खिडक्या धुणारे लोक शिडी न लावता जमिनीवरूनच काम करतात. लांब पोकळ काठी, टोकाला ब्रश, आणि काठीतून वर चढणारं अगदी शुद्ध पाणी. २००५ साली तिकडे उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले, तेव्हापासून ही पद्धत आणखी पसरली. धुतलेली काच ते पुसतच नाहीत, तशीच वाळू देतात. पाण्यात काहीच नसेल तर मागे काय राहणार?

गणित अगदी सोपं आहे. आमच्या बोअरचा टीडीएस ९००, म्हणजे एका लिटरमध्ये ९०० मिलिग्रॅम क्षार. हजार लिटर पाण्यात झाले ९०० ग्रॅम, किलोला थोडेच कमी. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जातं, क्षार मात्र काचेवर राहतात. आमच्या आरओतून पाणी ४० टीडीएसचं यायचं. प्यायला उत्तम, पण काचेला दहाच्या आत लागतं. म्हणून आरओनंतर आम्ही रेझिनची २५ लिटरची बाटली लावली. उरलेसुरले क्षार ती पकडते, आणि भरली की बदलावी लागते. हजार लिटर रोजच्या हिशेबाने ती पंधरा दिवस टिकायची.

पहिल्या सकाळी काच धुतली आणि आम्ही तिघं समोरच्या टपरीवर चहा घेत ती वाळायची वाट बघत बसलो. एकही ठिपका नाही! शोरूमचं बघून आणखी दोघांनी छतावरची सोलर पॅनेल धुऊन मागितली. आता रोज सकाळी हजार लिटर हवं होतं. तेही उजाडायच्या आत, कारण ऊन चढलं की पॅनेल तापतं आणि पाणी निथळायच्या आधीच वाळतं. पण त्याच वेळी जारही भरायचे असतात. शुद्ध पाण्याची टाकी होती ५०० लिटरची. मामा म्हणाला, "पाणी पुरत नाही. प्लांटचा स्पीड वाढव."

बस्स! मला तेवढंच हवं होतं.

थोडी थिअरी सांगते, व्हायव्हात उपयोगी पडेल. ऑसमॉसिसचं पहिलं निरीक्षण नोले नावाच्या फ्रेंच माणसाने १७४८ मध्ये केलं. पडद्याच्या एका बाजूला साधं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारं ठेवलं, तर पाणी आपणहून खाऱ्याकडे जातं. त्याला उलटं चालवायचं तर दाब द्यावा लागतो. तसा कामाचा पडदा बनायला १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. तो कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला. १९६५ मध्ये कोलिंगा नावाच्या छोट्या गावात त्याच पद्धतीने पिण्याचं पाणी तयार होऊ लागलं. जालन्यातल्या जारचा वंशवृक्ष असा कॅलिफोर्नियापर्यंत जातो!

आता पाणी जास्त कसं काढायचं? मार्ग तीन. एक, मेम्ब्रेन वाढवा, म्हणजे पैसे घाला. दोन, पाणी कोमट द्या. साधारण एका डिग्रीला तीन टक्के उत्पादन वाढतं. तीन, दाब वाढवा. दाब वाढवायचा सोपा उपाय म्हणजे रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळा. रिजेक्ट म्हणजे पडदा न ओलांडता क्षार घेऊन बाहेर जाणारं पाणी. आमच्याकडे ५०० लिटर चांगलं निघालं की ५०० लिटर रिजेक्ट मागच्या भिंतीतल्या पाइपातून बाहेर पडायचं. मला ते बघवत नव्हतं. जालन्यात, मे महिन्यात, निम्मं पाणी बाहेर! व्हॉल्व्ह आवळला तर दाबही वाढतो आणि पाणीही वाचतं. एका दगडात दोन पक्षी.

मामाने एवढंच बजावलं होतं की काटा पावणेदोनशेच्या पुढे नेऊ नकोस. 'पावणेदोनशे' ऐकलं की मला मनातल्या मनात दोनशेतून पंचवीस वजा करावे लागतात. पण केले, तेव्हा न समजल्याचं निमित्त मी सांगू शकत नाही. काटा १४० वर होता. मी व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला. मग आणखी पाव फेरा. मग वाटलं, एवढ्याने काय होतंय, फक्त पाव फेरा! काटा २०० वर गेला. चांगलं पाणी ताशी ६००, रिजेक्ट फक्त १५०. पन्नास टक्क्यांवरून रिकव्हरी ऐंशी टक्क्यांवर!

मी आंधळेपणाने केलं नव्हतं बरं का. ऐंशी टक्के पाणी काढून घेतलं की उरलेल्या वीस टक्क्यांत सगळे क्षार येतात, म्हणजे पाचपट. ९०० चे साडेचार हजार. दर हजार टीडीएसला साधारण ११ पीएसआय ऑसमॉटिक दाब धरला तर झाले ५०. माझ्याकडे २०० होते. गणित जमत होतं. वहीत मी खाली दोन रेघा मारल्या आणि फोटो काढून स्टेटसला टाकला.

चाचांनी काटा पाहिला आणि म्हणाले, "बेटा, खारा पानी बाहर निकलने दे. अंदर बैठा तो फिर नै निकलता." मी त्यांना ऑसमॉटिक प्रेशर समजावून सांगितलं. इंग्रजीत. ते हसले आणि जार धुवायला गेले.

दुसरा इशारा भिंतीपलीकडून आला. प्लांटच्या मागे सात-आठ घरं आहेत. तिथल्या एक मावशी रोज रिजेक्टच्या पाइपाखाली दोन बादल्या आणि एक घागर लावायच्या. भांडी, फरशी, संडासला ते पाणी चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या शटरपाशी येऊन म्हणाल्या, "ताई, पानी लई बारीक येतंय. आन् साबनाला फेसच धरंना बगा." मी म्हटलं, "मावशी, पाणी वाचवतोय आपण." आणि फोनमध्ये डोकं घातलं.

साबणाला फेस धरत नाही, याचा अर्थ काय? फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग केमिस्ट्री आठवा. पाण्याचा कठीणपणा! कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतात, म्हणून फेस येत नाही. ईडीटीएचं टायट्रेशन आपण सगळ्यांनी 'केलं' आहे. माझ्या जर्नलमधली रीडिंग्ज कुठून आली ते मी इथे लिहित नाही, सर हा अंक वाचतात. पण मावशींनी मला विनामूल्य टायट्रेशन करून दाखवलं होतं, रिझल्टसकट, आणि मला ते ऐकूच आलं नाही.

माझ्या गणितात चूक नव्हती, पण एक गोष्ट त्यात नव्हतीच. टीडीएसचं मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. त्यातलं मीठ किती आणि कॅल्शियम किती हे त्याला कळत नाही. साधं मीठ पाचपट झालं तरी पाण्यात विरघळून राहतं. कॅल्शियम कार्बोनेट राहत नाही. तो पडद्यावर बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. वर मी रिजेक्टचा प्रवाहच बारीक केलेला, त्यामुळे पडद्यावरून क्षार धुऊन नेणारं कोणी उरलं नव्हतं. स्केल बसू नये म्हणून जे औषध आम्ही पाण्यात सोडतो, त्याचा डोसही जुन्या पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने होता.

आधी शुद्ध पाण्याचा टीडीएस ४० वरून ८० वर गेला. मग पंधरा दिवस टिकणारं रेझिन आठवड्यात संपलं. आम्हाला कळलं ते शोरूमच्या मॅनेजरचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तेव्हा. काचेवर पांढरे ठिपके. तिसऱ्या आठवड्यात प्लांट ताशी ३१० लिटरवर आला. ज्या पोरीला स्पीड वाढवायला सांगितला होता, तिने तो जवळजवळ निम्मा करून दाखवला!

चाचांनी मेम्ब्रेन बाहेर काढली. टोकाशी हात फिरवला तर बोटाला पांढरी, खरखरीत पूड. मामा काही बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन नव्या मेम्ब्रेन म्हणजे मामीच्या भिशीचा अख्खा नंबर, आणि तो नंबर त्याच महिन्यात लागला होता. मामीने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "शिकायला पैसे लागतातच." मला तो चहा गिळवेना.

चाचांनी सायट्रिक ॲसिडचं दोन टक्क्यांचं पाणी करायला सांगितलं. म्हणजे लिंबूसत्व, गिझर साफ करायला वापरतात तेच. ते आम्ही मेम्ब्रेनमधून हळूहळू फिरवलं, भिजत ठेवलं, पुन्हा फिरवलं. रात्री साडेबारापर्यंत मी आणि चाचा बादली घेऊन बसलो होतो. सकाळी प्लांट ४४० वर आला. उरलेले ६० लिटर परत आले नाहीत. 'अंदर बैठा तो फिर नै निकलता' याचा अर्थ मला तेव्हा समजला. त्या मेम्ब्रेन आजही चालू आहेत, पण ४४० वरच.

त्या रात्री बादलीजवळ बसल्या बसल्या मला २०१३ आठवलं. मी तेव्हा आठ वर्षांची. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि जालना जिल्हा राज्यातल्या सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शेतकऱ्यांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आटला, आणि लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसायचं काम हाती घेतलं. आई मला शाळेची वॉटर बॅग भरून द्यायची आणि सांगायची, "उरलेलं ओतायचं नाही, घरी आणायचं." गल्लीतल्या एका फिल्टर प्लांटच्या मागच्या पाइपाखाली बायकांची रांग असायची. त्या रांगेत एक घागर आमची होती. ते रिजेक्टचं पाणी होतं हे मला आज कळतंय. तेव्हा ते फक्त पाणी होतं.

आणि मी त्याच पाइपाला कुलूप लावून स्टेटस टाकलं होतं 'सेव्ह वॉटर'.

दुसऱ्या दिवशी मी वही बाजूला ठेवली आणि चाचांच्या शेजारी स्टूल टाकून दिवसभर फक्त बसले. सकाळी पाचला प्लांट सुरू. जार भरून गाड्या गेल्या. साडेअकराला ५०० लिटरची टाकी भरली, फ्लोट वर आला, प्लांट बंद. चाचा नमाजला गेले, जेवले, आडवे झाले. संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ चालू. मी मोजलं. दिवसाच्या चोवीस तासांत प्लांट जेमतेम आठ तास चालत होता! स्पीड कधी कमी नव्हताच. पाणी ठेवायला जागा नव्हती.

मी विचारलं, "चाचा, दुपारी का नाही चालवत?" ते म्हणाले, "टाकी भर गई ना. नै तो दोपहर कू पानी जास्ती गिरता." का जास्त पडतं? बोअरचं पाणी छतावरच्या काळ्या टाकीत तापतं, म्हणून. डिग्रीला तीन टक्के! जे मी पुस्तकात वाचलं होतं ते त्यांना जारच्या हिशेबाने ठाऊक होतं. फक्त पाणी ४५ डिग्रीच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर मेम्ब्रेनला इजा होते. म्हणून टाकीत थर्मामीटर सोडला. हे माझं योगदान.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, दोन हजार लिटरची एक झाकणबंद टाकी घेतली. एका मेम्ब्रेनपेक्षा ती फार महाग पडली नाही. दुपारच्या उन्हात प्लांट निवांत चालतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचं पाणी आदल्या संध्याकाळीच तयार असतं. गंमत म्हणजे त्या ब्रिटनवाल्यांच्या व्हिडिओतही हेच होतं. रात्रभर टाकी हळूहळू भरू द्यायची आणि सकाळी कामाला निघायचं. तो भाग मला कंटाळवाणा वाटला म्हणून मी पुढे ढकलला होता.

दुसरी गोष्ट, धुण्याची पद्धत बदलली. सगळी धूळ शुद्ध पाण्याने काढायची गरजच काय? पहिला हात साध्या पाण्याचा. धूळ भिजवायची, ब्रशने काढायची, आणि वाळायच्या आत शेवटचा हात शुद्ध पाण्याचा. ठिपके पडतात ते शेवटच्या थेंबाचे. हजार लिटरचं काम ३५० लिटरवर आलं. रेझिन आता जवळजवळ दीड महिना टिकतं. प्लांटला हात न लावता आमचा 'स्पीड' तिप्पट झाला.

तिसरी गोष्ट, रिजेक्टचा व्हॉल्व्ह पुन्हा होता तिथे. काटा १४० वर. त्याच्या दांड्यावर चाचांनी खिळ्याने एक खूण कोरली आहे आणि माझ्याकडे बघत मुद्दाम कोरली आहे. त्याच रिजेक्टमधलं काही पाणी आता पहिल्या हाताला वापरतो. उरलेलं मागच्या पाइपातून जातं. तिथे मामाने एक छोटा ड्रम आणि तोटी बसवली, म्हणजे मावशींना पाइपाखाली ताटकळावं लागत नाही.

सुट्टी संपताना मी मावशींकडे गेले. सॉरी म्हणायचं होतं, पण मराठीत ते कसं म्हणतात तेच आठवेना. 'क्षमस्व' फारच बातम्यांसारखं वाटलं. मी नुसतीच उभी राहिले. मग विचारलं, "मावशी, आता फेस येतो का?"

"येतोय की थोडा थोडा," त्या म्हणाल्या. "पन आधी सांगितलं तवा ऐकलं असतं तर?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या सिलॅबसमध्ये नाही. परीक्षेत आपण 'असेल्यूम इनपुट प्युअर' असं गृहीत धरून गणितं सोडवतो आणि पूर्ण मार्क मिळवतो. प्रत्यक्षात पाण्यात काय काय आहे हे मीटरपेक्षा आधी त्या पाण्याने भांडी घासणाऱ्या माणसाला कळतं. तुम्ही सुट्टीत कुठल्या वर्कशॉपमध्ये, प्लांटवर, काकांच्या गॅरेजमध्ये गेलात आणि तिथे कोणी तुम्हाला 'इंजिनिअर' म्हणालं, तर आनंदाने म्हणवून घ्या. फक्त व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी तिथल्या चाचांच्या शेजारी एक दिवस स्टूल टाकून बसा.

मी पुढच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट हाच घेणार आहे. ईडीटीएची रीडिंग्ज या वेळी स्वतः घेणार. आणि पावणेदोनशे म्हणजे किती, हे आता मला वजाबाकी न करता येतं.